राज्य कृषी उपक्रमातली माझी प्रगती

राज्य युवा कृषी उपक्रमाच्या प्रवेशअर्जावर मी पालक म्हणून सही केली ती न वाचता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला सही करण्यासाठी वाचावं लागत नाही. कागद समोर आला की हात आपोआप खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो. शिवाय अर्ज आमच्या कन्येचा होता. ती चौदा वर्षांची आहे. घरात तिला बबडी म्हणतात आणि हे नाव आता बंद करावं, अशी तिची ठाम सूचना आहे. सूचना विचाराधीन आहे.

चार दिवसांनी अर्जाची पोच आली. ती मात्र मी वाचली, कारण पोच वाचणं हा माझा पेशा. तिच्यावर लिहिलं होतं, ‘शाखा नऊ, प्रौढ मार्गदर्शन. विषय : वडील. वय : सत्तेचाळीस. निवडीचे कारण : सहज उपलब्ध.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वय बरोबर होतं.

या उपक्रमात राज्यभरातली मुलं वर्षभर काहीतरी पिकवतात किंवा पाळतात, दर आठवड्याला वहीत नोंदी करतात आणि वर्षाच्या शेवटी निवडलेली मुलं आपापलं पीक किंवा जनावर घेऊन राज्य प्रदर्शनात जातात. कोणी वासरू वाढवतं, कोणी कोंबड्या, कोणी मधमाश्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अडीच खोल्यांत वासरू ठेवायचं तर आम्हांपैकी एकाला बाहेर पडावं लागलं असतं, आणि तो एक कोण याबद्दल घरात दुमत झालं नसतं. पण बबडीला नियमपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची खोड आहे. शेवटच्या पानावर शाखा नऊ होती. शेतीतलं काहीही न कळणारी एक सज्ञान व्यक्ती निवडायची आणि वर्षभरात तिला भाजी पिकवायला शिकवायचं.

मी विचारलं, आई का नाही? तर म्हणाली, आईला येतं. ही, म्हणजे माझी बायको, लहानपणी परसबागेत वाढलेली आहे. मी तिच्याकडे आशेनं पाहिलं, तर ती पेपरमागे हसत होती. अर्जासोबत विषयाच्या प्राथमिक अज्ञानाबद्दल साक्ष जोडायची होती, ती हिनेच दिली होती, एकदा मी पालक म्हणून मुळ्याचा पाला घेऊन आलो होतो त्या घटनेचा तारखेसह उल्लेख करून.

आता शेती करायची म्हणजे जमीन हवी. आम्हाला जमिनीच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे इमारतीची गच्ची, आणि गच्चीच्या खाली राहतात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं सगळं आयुष्य छत गळण्याच्या भीतीत गेलेलं आहे. आजवर ते एकदाही गळलेलं नाही, त्यामुळे भीती ताजी आहे. त्यांनी परवानगी दिली, पण बारा अटी घातल्या. अकरा अटी मी ऐकताऐकताच मान्य केल्या. बारावी अशी, की पिण्याचं पाणी झाडांना वापरण्यास हरकत नसल्याचा पाणीपुरवठा कार्यालयाचा दाखला आणावा.

मी छाती फुगवून म्हणालो, ते माझ्यावर सोडा.

दुसऱ्या दिवशी मी घरून अर्ज लिहून नेला आणि आवक-जावक विभागात, म्हणजे माझ्याकडे, दाखल केला. शिक्का मारला. मग तपासायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की अर्जदारानं गच्चीचा नकाशा जोडलेला नाही. एकवीस वर्षांत मी नकाशाशिवाय एकही अर्ज पुढे जाऊ दिलेला नाही. अर्जदार माझ्या कितीही परिचयाचा असला, तरी तत्त्व म्हणून काही असतं. मी त्रुटी काढून अर्ज परत केला आणि तो घरी घेऊन गेलो. बबडीनं नकाशा काढून दिला. मग अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी शेरा मारला की अर्जदार आणि तपासणारा एकच दिसतो, खुलासा व्हावा. मी खुलासा मागणारं पत्र स्वतःला पाठवलं आणि सात दिवसांच्या मुदतीत उत्तरही दिलं. ते साहेबांना असमाधानकारक वाटलं आणि फाईल विधी शाखेकडे गेली.

तीन आठवडे झाले. बबडीनं एका संध्याकाळी सेक्रेटरींचं दार वाजवलं आणि विचारलं, की भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वापरलं तर दाखला लागेल का? सेक्रेटरींनी अटींचा कागद काढून पाहिला. नाही लागणार म्हणाले. एवढंच. फाईल अजूनही विधी शाखेतच आहे. अधूनमधून तिच्याबद्दल विचारणा येते आणि मी कळवतो की अर्जदार प्रतीक्षेत आहे.

रोज सकाळी साडेसहाला माझा वर्ग भरू लागला. गच्चीवर फळांची रिकामी प्लास्टिकची खोकी, त्यांत माती आणि पालापाचोळ्याचं खत. समोर वही घेऊन बबडी आणि लुंगी सावरत मी. पहिला धडा मुळ्याचा होता. बी अर्धं बोट खोल पेरायचं, असं तिनं सांगितलं. मला ते बी फार एकाकी वाटलं, म्हणून मी चांगलं वीतभर खोल, ऊब मिळेल असं पुरलं. आठ दिवस काही उगवलं नाही. दरम्यान काय चाललंय ते पाहायला मी रोज एक-दोन बिया उकरून बघत होतो.

वही स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची. ती वाचायला मनाई होती, म्हणून मी ती नियमानं वाचायचो. पहिल्या महिन्याच्या नोंदी अशा : ‘विषय उतावळा आहे.’ ‘विषय सूचना ऐकताना मान हलवतो, पण ऐकत नाही.’ ‘विषयाने गांडूळ पाहून खुर्चीचा आधार घेतला.’ मी कार्यालयात सहा माणसांचा प्रमुख आहे. त्यांच्या गोपनीय अहवालांत मी कधी इतकं स्पष्ट लिहिलं नाही. मी हिच्याकडे तक्रार केली. ती म्हणाली, खुर्चीचं मीच सांगितलं तिला, ती खाली पाणी आणायला गेली होती तेव्हा.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ हिरड्यांत असतं, आणि झाडांना हिरड्या नसल्या तरी मूळ असतंच. ते रोज सकाळी दात घासत वर येत आणि तोंडातला फेस सांभाळत सल्ला देत. सेक्रेटरी गळती तपासायला येऊ लागले. मग गळती तपासताना बसायला खुर्ची आणू लागले. मग ‘त्या कोपऱ्यातलं वांगं जरा सुकलंय का हो’ असं विचारू लागले. मी आधी त्रासलो, पण पुन्हा पेरलेले मुळे खरोखर तयार झाले त्या दिवशी या दोघांना हाका मारून मीच वर बोलावलं. सात मुळे होते. सगळ्यात मोठा माझ्या करंगळीएवढा. आम्ही तिघं प्रौढ माणसं त्याच्याभोवती बराच वेळ उभे होतो. वहीत त्या दिवशी लिहिलं होतं, ‘प्रगती समाधानकारक. विषय आज कार्यालयात उशिरा गेला.’

माझी वागणूक अशी सुधारत असतानाच तो प्रकार घडला.

टोमॅटोची आठ रोपं आम्ही बियांपासून वाढवली होती. ती ढोपराएवढी झाली तेव्हा बबडी उपक्रमाच्या शिबिराला चार दिवस परगावी गेली. जाताना म्हणाली, फक्त पाणी घाला बाबा, दुसरं काही करू नका. पण पहिल्याच सकाळी दाताच्या डॉक्टरांनी रोपांकडे बघून मान हलवली. पानं फिकी वाटतात म्हणाले, दाणेदार खताचा डोस दुप्पट करा. मी म्हटलं, बबडीच्या पुस्तकात तर चमचाभर लिहिलंय. ते म्हणाले, पुस्तकं सरासरी रोग्यासाठी असतात. हे वाक्य मला फार शास्त्रीय वाटलं. आणि खरं सांगायचं तर बबडी परत येईल तेव्हा झाडं दिमाखात वाढलेली असावीत, वहीत एक तरी ओळ माझ्या कौतुकाची यावी, हा मोह होता. मी चमच्याऐवजी वाटी वापरली.

तिसऱ्या दिवशी आठही झाडं भाजल्यासारखी तपकिरी होऊन माना टाकून बसली.

मी कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं. बाजारामागच्या रोपवाटिकेत गेलो आणि तिथल्या माळ्याला म्हटलं, टोमॅटोची आठ रोपं, प्रत्येक एकोणीस इंच. त्यानं आजवर इंचावर कोणाला रोपं विकली नव्हती. पट्टी मी घेऊन गेलो होतो. जळलेली झाडं काढली, पुस्तकात बघून नवी लावली, आजूबाजूची माती होती तशी सारखी केली. जुनी झाडं पिशवीत घालून ती पिशवी कार्यालयातल्या कपाटात ठेवली, कारण ते कपाट कोणी उघडत नाही. हिला मी काही बोललो नाही. हिनेही, मी रोपांची पिशवी घेऊन जिना चढताना समोर भेटूनसुद्धा, काही विचारलं नाही.

बबडी आली ती पाठीवरची पिशवी न उतरवता गच्चीवर गेली. मी मागोमाग. ती एकेका झाडापाशी वाकली. मातीला बोट लावलं. मग उभी राहून म्हणाली, “छान राखलीत, बाबा.”

त्यापेक्षा तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर वही वाचायची माझी हिंमत झाली नाही. माणूस कसा असतो बघा. चोरून वाचताना कधी लाज वाटली नव्हती, आता फळीकडे बघायचीसुद्धा वाटायची. झाडं मात्र जोमानं वाढली, फुलली, फळं धरली. उपक्रमाच्या जिल्हा मार्गदर्शक बाई तपासणीला आल्या, खूश झाल्या. आणि दोन आठवड्यांनी फळं पिकली. पिवळीधमक.

आमचं बी लाल टोमॅटोचं होतं. पाकिटावर लाल टोमॅटोचं चित्र होतं आणि ते पाकीट वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, झाडांना कावीळ झाली. दाताचे डॉक्टर म्हणाले, डाग आहे, निघेल. बबडीनं एक फळ तोडलं, वजन केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी ओठांवर आलेलं बोलून टाकणार होतो. पण त्याच दुपारी पत्र आलं की राज्य प्रदर्शनासाठी शाखा नऊमधून निवडलेल्या चार जणांत तिचं नाव आहे. ती जिन्यातून उड्या मारत वर आली आणि मला मिठी मारली. दोन वर्षांत तिनं मला मिठी मारली नव्हती. अशा वेळी कोण कबुली देईल?

प्रदर्शन एका प्रचंड पत्र्याच्या मंडपात होतं. शाखेनुसार रांगा होत्या. आमची शाखा शेळ्या आणि कोंबड्या यांच्या मधे होती. विषयांनी गळ्यात क्रमांक अडकवून आपापल्या टेबलाशी थांबायचं होतं. माझा क्रमांक तीन. दोन नंबरला एक पोलीस हवालदार होते. मिशा भरदार, हात पाठीमागे. त्यांना त्यांच्या पुतणीनं घेवडा शिकवला होता.

“तुमचं कोण?” त्यांनी हळूच विचारलं.

“मुलगी,” मी म्हणालो.

“कडक आहे का?”

“वही ठेवते.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. म्हणाले, आमच्याकडे वहीत माझं वजनही लिहितात. समोरून एक मुलगा वासराला घासूनपुसून घेऊन गेला. आम्ही दोघांनी नकळत शर्ट सारखे केले.

परीक्षक आले. मुख्य परीक्षक एक फार म्हातारे कृषितज्ज्ञ होते, कानाला यंत्र लावलेले. त्यांनी मला मुळ्याची खोली विचारली, वांग्यावरची कीड विचारली, पालक आणि मुळ्याचा पाला समोर धरून ओळखायला लावला. मी सगळं बरोबर सांगितलं. हिने रांगेबाहेरून हात हलवला. मग त्यांनी वहीतला तक्ता पाहिला, टेबलावरचे पिवळे टोमॅटो पाहिले, पहिल्या पानावरचं लाल चित्र पाहिलं. भुवया वर करून ते माझ्याकडे बघत राहिले.

बबडी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, तिनं बघितलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती.

“ही झाडं आमची नाहीत,” मी म्हणालो.

“काय?” परीक्षक कानाचं यंत्र चाचपत म्हणाले. “मोठ्यानं बोला.”

“आमची झाडं मी जाळली. खत जास्त घातलं.”

“यंत्र नीट चालत नाही हो. जरा मोठ्यानं.”

मग मी एकवीस वर्षांत कार्यालयात कधी लावला नव्हता तो आवाज लावला. मी वाटीभर खत घालून आठ झाडं मारली, विकतची आणून त्यांच्या जागी लावली आणि मुलीला सांगितलं नाही, हे सगळं मी ओरडून सांगितलं. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. शेळ्यासुद्धा चघळायच्या थांबल्या असं मला वाटलं, पण ते खरं नसावं. हवालदारांनी मान खाली घातली, जशी ते इतरांना घालायला लावत असतील.

परीक्षकांनी बबडीला विचारलं, हे तुला माहीत होतं का?

तिनं वही घेतली, मधलं एक पान काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. म्हाताऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं, कमी ऐकू येणारी माणसं वाचतात तसं, खणखणीत. ‘विषयाने आठ जळलेली झाडे माझ्या गैरहजेरीत बदलली. खताचे प्रमाण चुकले असावे. नवी झाडे योग्य अंतरावर आणि योग्य खोलीवर लावली आहेत. मुळांना धक्का बसलेला नाही. खोडाला आधार दिला आहे. रोप बदलून लावणे हा धडा पुढच्या महिन्यात होता, मी तो अजून शिकवलेला नाही. विषयाने स्वतः पुस्तक वाचून केला. पहिल्यांदाच. मोठी प्रगती.’ खाली आणखी एक ओळ होती. ‘लपवण्यात प्रगती नाही. चेहरा पडलेला आहे.’

“मग त्यांना विचारलं का नाहीस?” परीक्षक म्हणाले.

बबडीनं वही मिटली. आता ती नियमपुस्तिकेतली वाटत नव्हती, नुसती चौदा वर्षांची वाटत होती.

“बाबांना वाईट वाटलं की ते काम सोडून देतात,” ती म्हणाली. “पेटी सोडली, पोहणं सोडलं. मी विचारलं असतं, तर ते पुन्हा गच्चीवर आले नसते.”

मला बोलायचं बरंच होतं. पेटी मी सोडली ती तिचे सूर बसले म्हणून आणि पोहणं सोडलं ते पाणी फार गार होतं म्हणून. पण तोंड उघडलं तर घसाच बसलेला. एवढा वेळ ओरडल्यावर बसणारच. ही रांग ओलांडून आत आली आणि तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

पहिला क्रमांक हवालदारांना मिळाला. घेवडा खरोखर सुरेख होता आणि त्यांचं वजनही सात किलोनं उतरलं होतं. आम्हाला तिसरा. पहिल्या पिकाच्या नाशाबद्दल आमचे गुण कापले, आणि नोंदीच्या खरेपणाबद्दल मुलीला सगळ्या शाखांत मिळून एक वेगळं प्रशस्तिपत्र दिलं. फीत मात्र विषयाला लावतात असा नियम आहे. वासरांच्या फिती लावणाऱ्या माणसानंच मला ती लावली आणि सवयीनं पाठीवर थोपटलं. मला राग आला नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

वही राज्य कार्यालयानं ठेवून घेतली. उपक्रम संपला. पुढच्या वर्षी बबडीचा अभ्यास वाढणार, त्यामुळे ती भाग घेणार नव्हती. परत आल्यावर पहिल्या सोमवारी मी सवयीनं साडेसहाला गच्चीवर गेलो. सेक्रेटरी खुर्चीवर बसले होते. आता काय लावणार, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. काही सुचत नव्हतं. आपल्यावर कोणी नजर ठेवून नाही, आपण कसे वागलो ते संध्याकाळी कुठे लिहिलं जाणार नाही, याची मला सवयच राहिली नव्हती. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि ते अजिबात आवडलं नाही.

शनिवारी मी लसूण आणला. पाकळ्या सुट्या केल्या, रिकाम्या खोक्यात चार-चार बोटांवर खड्डे केले. लसणाची पाकळी बुडखा खाली आणि टोक वर ठेवून लावतात. हे मला पाठ आहे. शेजारच्या खोक्यातल्या कांद्याबद्दलही मी दहा मिनिटं बोलू शकतो. मी पहिली पाकळी टोक खाली करून लावली. दुसरीही. तिसरी लावताना जिन्यात पावलं वाजली.

बबडी डोळे चोळत वर आली. खोक्यापाशी उकिडवी बसली. तिनं एक पाकळी उपसली, उलटी केली आणि नीट लावली. मग दुसरी.

“टोक वर, बाबा.”

“असं होय,” मी म्हणालो, आणि चौथी पाकळी तिच्यापुढे धरली. “परत एकदा दाखव.”